आमचा एल्डर कुठे गेला?

मुलांकडे परदेशी आलेल्या आणि परदेशातच रुळलेल्या वाचकांचे शेजारपाजाराविषयीचे प्रश्न, आणि प्रोव्हो (यूटा) इथून त्यांची उत्तरं

प्रश्न : मी सांगलीची. मुलाकडे डॅलसजवळ सहा महिन्यांसाठी आले आहे. मुलगा-सून सकाळी कामावर जातात, मग दिवसभर मी आणि टीव्ही. मे महिन्यात एक दिवस बेल वाजली. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी लावलेली दोन कोवळी मुलं दारात. एक उंच, एक चष्मेवाला. आत या म्हटलं तर उंबरठा ओलांडेनात. चहा विचारला तर तोही नको. मला वाटलं, आपल्या हातचं चालत नसेल. पण मी मागच्या अंगणात कुंड्या सरकवत होते ते त्यांनी पाहिलं आणि उन्हातान्हात सगळ्या कुंड्या सावलीत नेऊन ठेवल्या. पुढे दर आठवड्याला यायला लागले. उंच मुलगा ‘नमस्कार काकू’ म्हणायला शिकला. गेल्या गुरुवारी बघते तर चष्मेवाल्याबरोबर भलताच मुलगा! पहिला कुठे, म्हटलं, तर ‘ट्रान्सफर’. सांगून तरी जायचं ना? त्याच्या हातून काही चूक झाली का? मला त्याचं नावसुद्धा माहीत नाही, पाटीवर नुसतं ‘एल्डर’ आणि आडनाव.
– एक काकू, सांगली (सध्या टेक्सस)

उत्तर : काकू, त्या मुलाचं काही चुकलेलं नाही आणि तुमचंही नाही. त्याची बदली झाली, एवढंच. ज्या चर्चची ही मुलं आहेत तिथे दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी निघते. दर यादीत प्रत्येकाचं नाव असतंच असं नाही. कोणी एका भागात तीन महिने काढतो, कोणी सहा. पण पुढच्या यादीत आपण आहोत की नाही, हे कोणालाच आधी ठाऊक नसतं.

हे मला ऐकीव माहीत नाही. आमच्या तळघरातली दोन खोल्यांची जागा या मुलांसाठी भाड्याने घेतलेली होती. मी आणि माझा नवरा त्या चर्चचे नाही, आमच्याकडे गणपती बसतो आणि सकाळी चहाशिवाय घर हलत नाही. पण घरमालकीण म्हणून मी या बदल्या जवळून पाहिल्या. माझे अण्णा तलाठी होते, त्यामुळे बदली म्हणजे काय हे मला लहानपणापासून पाठ आहे. ऑर्डर आली की आई डबे रिकामे करायला घ्यायची आणि अण्णा कोणाला तरी भेटून ती रद्द होते का बघायचे. इथे ती दुसरी सोय नाही. अर्ज नाही, वशिला नाही, घरच्या अडचणी सांगणं नाही. निरोप आला की गाशा गुंडाळायचा.

आधी ही मुलं कोण, ते सांगते. लोक यांना मॉर्मन म्हणतात. पाटीवरचं ‘एल्डर’ हे नाव नव्हे, पुरुष मिशनऱ्यांची पदवी. चर्चचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, आणि २०१८ पासून पूर्ण नावच वापरा असा त्यांचा आग्रह आहे. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापना झाली, आता मुख्यालय आमच्या इथून तासाभरावर, सॉल्ट लेक सिटीत. या समाजातल्या तरुणांनी अठरा ते पंचवीस या वयात दोन वर्षं घर सोडून धर्मप्रचाराला जावं अशी अपेक्षा असते. मुलीही जातात, त्यांची मुदत दीड वर्षाची. पगार नाही, उलट पदरचे पैसे घालायचे. अमेरिकेतून जाणाऱ्यासाठी २०२० पासून महिना ५०० डॉलर असा दर आहे, मग मुलगा टोकियोला जावो की टेक्ससला. कुठे जायचं हे चर्च ठरवतं. तुमच्या उंच मुलाने टेक्सस मागून घेतलेलं नव्हतं.

उंबरठ्याचं आणि चहाचं कोडंही सोडवून टाकते, कारण आपल्याकडच्या बऱ्याच आया त्यावरून मनाला लावून घेतात. घरात बाई एकटी असेल तर पुरुष मिशनऱ्यांनी आत जायचं नाही असा त्यांचा नियम आहे. तुमचा मुलगा घरी असता तर ते खुशाल आत बसले असते. आणि चहा-कॉफी, दारू, तंबाखू या धर्मात वर्ज्य. तुमच्या हातचं वर्ज्य नाही. मी गवती चहा, आलं आणि गूळ उकळून चहापत्ती न घालता काढा द्यायचे, तो दोन-दोन पेले प्यायचे.

आता बदली होते कशी. मिशन म्हणजे नकाशावरचा आखून दिलेला एक तुकडा. त्यात शंभर-दोनशे मिशनरी. त्यांच्यावर एक मिशन प्रेसिडेंट असतो. आपली नोकरी-धंदा बाजूला ठेवून बायकोसह तीन वर्षांसाठी आलेला गृहस्थ. सहा आठवडे भरत आले की काही मुलांची दोन वर्षं पुरी होतात, ती घरी जातात. ट्रेनिंग सेंटरातून नवी येतात. (सगळ्यात मोठं सेंटर आमच्या प्रोव्होतच आहे. भाषा शिकायची असेल तर मुलगा तिथे काही आठवडे जास्त राहतो.) नव्याला एकटं सोडत नाहीत, पहिले बारा आठवडे त्याला शिकवणारा जुना जोडीदार लागतो. म्हणजे कुठल्या तरी चालत्या जोडीतला जुना मुलगा उपटायचा. मागे राहिलेला एकटा पडला, त्याला कोणी तरी द्यायचा. तो ज्याच्याकडून आणला, तिथे पुन्हा भोक. असं करत एकाच्या घरी जाण्याने सात-आठ जणांचे बिस्तरे हलतात. त्यात गाडीचं लायसन कोणाकडे आहे, स्पॅनिश कोणाला येतं, कोणाला दवाखाना जवळ हवा, हेही बघायचं. आकडा विषम निघाला की एका ठिकाणी तिघांना एकत्र ठेवतात. प्रेसिडेंट ही मांडणी प्रार्थना करून करतात आणि कोणी कुठे जावं हे देव सुचवतो अशी त्यांची श्रद्धा. मला त्यात आधी गणित दिसतं. खालच्या मुलांना मी तसं म्हणालेही होते. एक जण म्हणाला, ‘देवाला गणित येत असेलच की.’

आमच्या भागात निरोप शनिवारी संध्याकाळी यायचा. तेवढी एक संध्याकाळ खाली शुकशुकाट असायचा, दोघं फोनकडे बघत. मग एकदम जिन्यावर धावपळ. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांचा निरोप, सोमवारी त्यांचा सुटीचा दिवस म्हणजे कपडे धुणं, केस कापणं, घरी ई-मेल आणि सामान बांधणं, आणि मंगळवार-बुधवारी प्रस्थान. सामान म्हणजे दोन सुटकेसा, एक पाठपिशवी आणि असली तर सायकल. पांढरे शर्ट घडी करून भरायचे आणि टाय पलंगावर मांडायचे. जाणारा आणि राहणारा एकमेकांचा एखादा टाय बदलून घेतात, ही त्यांची जुनी रीत. त्या टायांना काही किंमत नसते, बरेचसे जुन्या कपड्यांच्या दुकानातून डॉलर-दोन डॉलरला घेतलेले, पण सौदा मोंढ्यातल्यासारखा चालायचा. खोली मात्र जशीच्या तशी राहायची. एकदा एका मुलाने पलंगाखालून तांदळाची अर्धी पिशवी वर आणून दिली आणि म्हणाला, ‘सिस्टर, हे आमचं नाही. आमच्या आधीच्यांच्या आधीच्यांचं आहे.’ मी ती पक्ष्यांना घातली.

म्हणजे तुमच्या मुलाला स्वतःलाच तीन-चार दिवस आधी कळलं असणार. तेवढ्यात त्याला सामान आवरायचं, निरोप घ्यायचे आणि त्या भागातल्या सगळ्या माणसांची माहिती मागे राहणाऱ्याच्या हवाली करायची. पूर्वी त्यासाठी फुगलेली फाईल असायची, आता फोनवर ॲप आहे. तुमची नोंद त्यात असणारच : भारतातून आलेल्या आजी, दुपारी घरी एकट्या, दारात उभं राहून बोलायचं. नवा मुलगा तुमच्याकडे आला तो वाट चुकून आलेला नाही.

न भेटता गेला याचं तुम्हाला वाईट वाटलं, ते बरोबरच आहे. माझ्या मते ही पद्धत मुद्दामच अशी ठेवली आहे. मुलगा एका गावात, चार घरांत, एखाद्या मुलीत गुंतू नये. तो कामाचा राहावा, गावाचा होऊ नये. चर्चचे लोक हे इतक्या रोखठोकपणे म्हणणार नाहीत, मी म्हणते. २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत ही मुलं स्वतःच्या आईशीसुद्धा वर्षातून दोनदाच फोनवर बोलायची, नाताळला आणि मदर्स डेला. एरवी फक्त पत्र किंवा ई-मेल. मग नियम बदलला आणि दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करायला परवानगी मिळाली. आमच्या खालच्या मुलांपैकी एकाने पहिल्या सोमवारी आईला फोन लावला तेव्हा बराच वेळ नुसतं ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच ऐकू येत होतं. बोलायची सवयच गेली होती बिचाऱ्याची.

तुमचा मुलगा आपल्या मिशनच्या हद्दीतच आहे. कदाचित पुढच्याच उपनगरात, कदाचित तीन-चार तासांवर. मुदत संपेपर्यंत तो त्याच मिशनमध्ये फिरत राहील. चष्मेवाल्याकडे निरोप द्या, तो सोमवारी ई-मेलने पोचवेल. काही पाठवायचं असेल तर त्याच्या राहत्या पत्त्याच्या मागे लागू नका, पार्सल पोचेपर्यंत तो पत्ता बदललेला असायचा. मिशन ऑफिसच्या पत्त्यावर त्याच्या आडनावाने पाठवा, बहुतेक ठिकाणी ते पुढे धाडतात. चिवडा चालेल. बेसनाचे लाडू टेक्ससच्या उन्हात टिकतील, पण साजूक तूप जरा हात राखून घाला.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक, सातारा. मुलीकडे सॉल्ट लेकजवळ आलो आहे. सकाळी फिरायला जातो तेव्हा दोन मिशनरी मुलं सायकलवरून जाताना दिसतात. एकापाठोपाठ एक, पण आपसात अवाक्षर नाही. एकदा थांबवून विचारलं, तुम्ही मित्र का? एक म्हणाला, ‘जोडीदार आम्ही निवडत नाही.’ माझे दोन सख्खे मुलगे एका खोलीत वाढवताना माझ्या नाकी नऊ आले. विशीतली दोन परकी मुलं चोवीस तास एकत्र कशी राहतात? आणि नाही पटलं तर?

उत्तर : सर, नाही पटलं तर बहुतेक वेळा पुढच्या यादीची वाट बघत राहतात. सहा आठवडे हा त्या दृष्टीने फार शहाणा आकडा आहे.

दोघादोघांनी जायचं ही प्रथा थेट बायबलातली. मार्कच्या शुभवर्तमानात येशू आपल्या बारा शिष्यांना दोघे दोघे करून पाठवतो, तोच आधार. व्यवहारातलं कारण तुमच्यासारख्या शिक्षकाला सांगायला नको : परक्या गावात एकटा पोरगा भरकटतो, आजारी पडला तर कोणाला कळत नाही, आणि त्याच्यावर कोणी काही आळ घेतला तर साक्षीदार नसतो. म्हणून नियम असा की जोडीदार कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात हवा. झोपायची खोली एक, पलंग वेगळे. एकटेपणा मिळतो तो न्हाणीघरात. आपसातही आडनावानेच हाक मारतात, एल्डर अमुक, एल्डर तमुक.

एक जोडी मी विसरणार नाही. २०२० च्या मार्चमध्ये कोरोनामुळे जगभरातले हजारो मिशनरी आपापल्या देशात परत आणले गेले. फिलिपीन्समधली परदेशी मुलं तर झाडून सगळी परत आली. त्यातला एक, मूळचा जॉर्जियाचा, चौदा दिवस घरात वेगळा राहून उरलेली मुदत पुरी करायला आमच्या तळघरात आला. तो सेबू बेटावर होता. तिथली भाषा शिकला होता, हाताने भात खायला लागला होता, आणि सव्वा वर्षाने इथे बर्फाच्या डोंगरांखाली, जिथे निम्मी गल्ली आधीच त्याच्या चर्चची. त्याला वाटायचं आपल्याला शिक्षा झाली. त्याचा जोडीदार आयडाहोचा, शेतकऱ्याचा मुलगा. घरी बटाट्याची शेती, बोलणं जेमतेम, झोपायचं वेळेवर, भांडं जिथल्या तिथे. आणि बाहेर पडायची बंदी! दारोदार फिरणं बंद, सगळं काम फोनवर आणि व्हिडिओवर. दोन खोल्यांत दोघं कोंडलेली.

आमच्या घराला तापवायची गरम हवा ज्या पन्हाळीतून खाली जाते, तिच्यातून खालचा आवाज वर येतो. मी कान लावून बसायचे असं नाही, पण ओट्याशी उभी राहिले की ऐकू यायचं. भांडण भाताच्या पातेल्यावरून. सेबूवाला रोज भात लावायचा आणि तळाला लागलेलं पातेलं भिजत टाकायचा. आयडाहोवाला ते घासायचा नाही आणि घासायला सांगायचाही नाही, नुसतं उचलून सेबूवाल्याच्या टेबलावर पुस्तकाशेजारी ठेवायचा. मग अबोला. पण सकाळी ठरल्या वेळेला अभ्यास एकत्र, प्रार्थना एकत्र. एकमेकांशी न बोलणारी दोन मुलं गुडघे टेकून पाळीपाळीने देवाशी मात्र मोठ्याने बोलतात, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

या मुलांना आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून हिशेब करायला लावतात, पैशांचा नव्हे. तुझं मला काय आवडतं, काय खटकतं, मी कुठे सुधारू, हे स्पष्ट बोलायचं. त्यांच्या मार्गदर्शक पुस्तकातच तसं दिलेलं आहे. आमच्या या दोघांची ती बैठक साधारण अशी : एक म्हणणार, ‘काही नाही.’ दुसरा म्हणणार, ‘माझंही काही नाही.’ आणि लगेच पातेलं आदळल्याचा आवाज.

पण सगळा भार या बैठकीवर नाही. काही जोड्यांवर त्यांच्यातलाच एक म्होरक्या असतो. तो अधूनमधून जोड्या एका दिवसापुरत्या अदलाबदल करतो, एकाला आपल्याबरोबर नेतो आणि आपला जोडीदार दुसऱ्याकडे सोडतो. त्या दिवसभरात बरंच काही ओकलं जातं. प्रेसिडेंट ठरावीक काळाने प्रत्येकाला एकट्याला बोलावून विचारपूस करतो. प्रकरण हातघाईवर आलं किंवा मुलगा मनाने खचला, तर यादीची वाट न बघता मधेच हलवतात. आणि काही मुलं मुदत पुरी व्हायच्या आत घरी परततात. त्यांचं मला फार वाईट वाटतं. आमच्यासारख्या गावात, जिथे रविवारी निम्मी गल्ली एकाच चर्चला जाते, तिथे लवकर परतलेल्या मुलाकडे लोक कसे बघतात ते मी पाहिलं आहे. कोणी काही बोलत नाही, पण मुलगा परत आल्याचा फलक दारावर लागत नाही. चर्चने याबाबत समंजसपणे वागा असं सांगितलं आहे. गल्लीला समज यायला वेळ लागतो.

तर त्या जोडीचं काय झालं? पुढच्या यादीत आयडाहोवाला हलला. जाताना त्याने मला बटाटे कसे साठवायचे याची चिठ्ठी लिहून दिली, त्याच्याकडून ऐकलेलं सगळ्यात लांब भाषण तेच. त्याच्या जागी आलेला मुलगा लास वेगासचा. तो उठल्यापासून गायचा. न्हाणीत गायचा, भाजी चिरताना गायचा, पातेलं स्वतःहून घासायचा आणि घासतानाही गायचा. आठवड्याने सेबूवाला वरण मागायला वर आला आणि हळूच विचारता झाला, आयडाहोवाल्याला परत आणता येतं का, तुमची कोणाशी ओळख आहे का?

तुमच्या फिरण्याच्या वाटेवरची मुलं बोलत नाहीत, त्यावरून फार तर्क करू नका, सर. सकाळी चढावर सायकल मारताना मीही माझ्या नवऱ्याशी बोलत नाही. आणि त्यांची एक गंमत सांगते, म्हणजे कानावर आली तर दचकणार नाही. मुदत संपवून घरी जाणारा मुलगा या पोरांच्या भाषेत ‘मेला’, आणि त्याचा शेवटचा जोडीदार असेल त्याने त्याला ‘मारलं’. ‘मी बुधवारी त्याला मारणार’ हे खालून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी लाटणं हातात घेऊनच जिना उतरले होते.

प्रश्न : हे लोक आपल्याकडे, महाराष्ट्रात, कधी आले होते का? आमच्या नगरला अमेरिकन मिशन होतं, ते हेच का?
– एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : नाही, ते वेगळे. नगरचं ते अमेरिकन मराठी मिशन. त्यांचे पहिले लोक १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला उतरले आणि १८३१ मध्ये नगरला ठाणं पडलं. पंथ वेगळा आणि रीतही अगदी उलट. ते लोक भाषा शिकून, शाळा काढून आयुष्यभर राहिले. त्याच मिशनच्या सिंथिया फॅरारबाई १८२७ साली मुंबईला आल्या, पुढे नगरला गेल्या, मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये नगरलाच वारल्या. सहा आठवड्यांची बदली त्यांना कोणी सांगितली असती तर त्या हसल्या असत्या.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी याच लॅटर-डे सेंट्स चर्चतर्फे मुंबईला उतरला आणि पुढे पुण्यालाही जाऊन राहिला. जोडीदार बरोबर नाही, एकटाच. मुंबईत पाद्री आणि वर्तमानपत्रं विरोधात, छावणीत लष्करी अधिकारी प्रचार करू देईनात. दुसऱ्या वर्षी त्याचा भाऊ ॲलन येऊन मिळाला, तेव्हा कुठे त्याची जोडी जमली. त्याच १८५३ च्या एप्रिलमध्ये सॉल्ट लेककडून निघालेले १३ जण सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजाने कलकत्त्याला पोचले. नऊ हिंदुस्थानसाठी, चार सयामसाठी (आताचं थायलंड). त्यांची नेमणूक आदल्या ऑगस्टमध्ये भर सभेत नावं वाचून झाली होती. बायकामुलं असलेली माणसं सभेला बसली होती, आणि उठली ती जगाच्या दुसऱ्या टोकाला जायला. फळ फारसं मिळालं नाही. फिंडले १८५५ मध्ये निघून गेला आणि पाठोपाठ इथलं काम थंडावलं. आताचं म्हणाल तर बंगळूरला त्यांचं मिशन १९९३ पासून आहे, आणि दिल्लीला २००७ पासून.

प्रश्न : आमच्या दारातही अशी जोडी येते. मुलं गोड आहेत, सामान उचलायला मदत करतात, पण दर वेळी पुस्तक देऊ करतात. सून म्हणते, दारच उघडू नका. मला तोडून बोलायला जड जातं. काय करू?
– एक आजोबा, ठाणे (सध्या न्यू जर्सी)

उत्तर : आजोबा, सून अर्धी बरोबर आहे. ही मुलं मदत मनापासून करतात, हे खरं. ती धर्मप्रचाराला आली आहेत, हेही तितकंच खरं, आणि ती ते लपवत नाहीत. तेव्हा तुम्हीही लपवू नका. ‘आम्ही हिंदू आहोत, आम्हाला बदलायचं नाही, पुस्तक नको’ असं एकदा सरळ सांगा. ‘नंतर बघू’ म्हणू नका. आपल्याकडे ते नकारासाठी चालतं, इथे मुलगा फोन काढून तारीख विचारतो. पुढे यायलाच नको असेल तर ‘आमची नोंद काढून टाका, परत येऊ नका’ असं सांगायचं. ते ॲपमध्ये तसं लिहितात. मात्र हे तोंडी एका जोडीला सांगून जोडी बदलली आणि नोंद राहून गेली असेल तर नवे पुन्हा बेल वाजवतील. चिडू नका, तेच वाक्य पुन्हा म्हणा. आणि उन्हातून आले असतील तर थंड पाणी द्यायला सुनेचीही हरकत नसावी. कोकम सरबत असेल तर उत्तमच, त्यात वर्ज्य काही नाही.